विद्युत वाहन दाराशी येण्यापूर्वी

विजेवर चालणारी दुचाकी आता तालुक्याच्या गावीही नवलाईची राहिलेली नाही. असे वाहन घरच्या वीजजोडणीवरच चार्ज करता येते, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले. परंतु मुभा असणे निराळे आणि घरातील वायरिंग त्या कामास योग्य असणे निराळे. खरेदीच्या वेळी वाहनाची चौकशी कसून होते. भिंतीतील तारेची मात्र क्वचितच होते.

बहुतेक दुचाकींचा घरगुती चार्जर एक किलोवॅटच्या आत वीज घेतो. मोटारीचे तसे नाही. १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा तिचा चार्जर ३.३ किलोवॅटपर्यंत, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १४ अँपिअर प्रवाह घेतो. पाणी तापविण्याचा गीझरही मोठा प्रवाह घेतो, पण पंधरा-वीस मिनिटेच. ३० युनिट क्षमतेची बॅटरी पूर्ण भरण्यास मात्र नऊ-दहा तास लागतात. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सॉकेटमधील एखाद्या सैल जोडाचा रोध ०.१ ओहम जरी झाला, तरी त्या एका बिंदूवर सुमारे २० वॅट उष्णता रात्रभर साठत राहते. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर जवळपास एवढ्याच शक्तीच्या सळईने कथील वितळवितो! जुन्या घरांतील ॲल्युमिनियमच्या तारांचे जोड कालांतराने सैल होतात, हे ध्यानात घेता चार्जिंगसाठी मीटरजवळील मुख्य फलकापासून स्वतंत्र तार आणणे इष्ट. ती तांब्याची, किमान २.५ चौरस मिलिमीटरची असावी. अंतर अधिक असल्यास ४ ची घ्यावी. खिडकीतून अंगणात सोडलेला एक्स्टेंशन बोर्ड हा यावरील उपाय नव्हे.

अधिक गंभीर प्रश्न अर्थिंगचा आहे. अनेक घरांत सॉकेटला तिसरे छिद्र असते, परंतु त्यामागे तारच नसते. काही ठिकाणी तर ते आत न्यूट्रलला जोडून वेळ मारून नेलेली असते. ही युक्ती अर्थिंग मुळीच नसण्यापेक्षाही घातक होय. कारण न्यूट्रल कोठे तुटल्यास वाहनाच्या धातूच्या सांगाड्यातच वीज उतरू शकते. वाहन रबरी चाकांवर उभे असते आणि त्याला हात लावणारा मनुष्य पावसाळ्यात ओल्या जमिनीवर. अशा वेळी प्रवाहाला जमिनीत जाण्याचा मार्ग त्या मनुष्याच्या देहातूनच मिळतो. फ्यूज किंवा एमसीबी येथे उपयोगी पडत नाही. ती साधने तारेच्या रक्षणासाठी असतात. जीवघेण्या ठरणाऱ्या थोड्याशा गळतीने ती हलतही नाहीत. म्हणून ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा. अर्थिंगचा खड्डा घराजवळ, ओलावा टिकेल अशा जागी घ्यावा, उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे आणि त्याचा रोध परवानाधारक ठेकेदाराकडून यंत्राने मोजून घ्यावा. केवळ दिवा लागतो म्हणून अर्थिंग ठीक आहे, असे मानू नये.

वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो. तो एक किलोवॅट असताना मोटार चार्ज करणे म्हणजे मंजुरीच्या तिपटीहून अधिक भार टाकणे होय. तेव्हा वितरण कंपनीकडे भारवाढीचा अर्ज आधी द्यावा. गावातील रोहित्रावर सायंकाळी दिवे, पंखे, दूरचित्रवाणी यांचा भार एकाच वेळी येत असल्याने चार्जिंग रात्री उशिरा सुरू करणे शेजाऱ्यांच्याही सोयीचे. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या सॉकेटवर खाजगी वाहने लागू लागली, तर त्या विजेचे पैसे कोणी भरावयाचे याचा ठराव वेळीच झालेला बरा.

जोडणी पूर्ण झाल्यावर पहिले चार्जिंग दिवसा, घरात जाणते माणूस असताना करावे. तासाभराने चार्जर बंद करून प्लग व सॉकेटच्या आवरणाला हात लावून पाहावा. किंचित कोमट लागल्यास चिंता नाही. हात ठेवता येणार नाही इतके तापले असल्यास किंवा जळका वास येत असल्यास वायरमन येईपर्यंत ते सॉकेट वापरू नये.