न्यायाची जाण आणि ईमानची कसोटी



महाविद्यालयात शिकणारी आपली मुले कधी ना कधी विचारतात, "चांगल्या-वाईटाची जाण जर उत्क्रांतीतून आली असेल, तर दीनची गरज काय?" या प्रश्नावर रागावू नये. प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तरही तसेच असावे.

सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल या संशोधकांनी २००३ साली कॅपुचिन माकडांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. माकडाने हातातील खडा परत दिला की त्याला काकडीची फोड मिळे. शेजारच्या माकडाला त्याच कामासाठी द्राक्ष मिळताना दिसले, की पहिले माकड पुष्कळदा काकडी नाकारी.

यात मुस्लिमाने दचकावे असे काही नाही. मानवी आत्म्याला दुराचार व सदाचार यांची जाण अल्लाहने दिली, असे सूरह अश्-शम्स सांगते. प्रत्येक मूल फितरतवर जन्माला येते, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. म्हणून दीन न मानणारा माणूसही न्यायी असू शकतो, हे मान्य करण्यात संकोच नसावा. ही जाण आपल्यात कोणत्या वाटेने रुजली, याचा शोध विज्ञान घेते. ती गैरसोयीची ठरली तरी का पाळावी, हा प्रश्न वेगळा आहे.

आता प्रयोगाकडे पुन्हा पाहा. तक्रार कोणाची होती? काकडी मिळालेल्याची. स्वतःवरील अन्याय लहान मूलही ओळखते. परंतु द्राक्ष आपल्या हाती असेल तेव्हा? सूरह अन्-निसाची १३५ वी आयत नेमकी तेथे बोट ठेवते. न्याय स्वतःच्या, आईवडिलांच्या वा नातलगांच्या विरोधात जात असला, तरी त्यावर ठाम राहण्याचा आदेश ती देते.

वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसनोंद होताना बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. माहेर तुटेल या भीतीने ती मुकाट्याने सही करते, आणि आपण तिला 'राजीखुशी' म्हणतो. आईवडिलांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेत, ती थोडी असो वा अधिक, स्त्रियांचाही वाटा ठरलेला आहे, हे याच सूरहची ७ वी आयत सांगते. तो कागद पुढे करण्यापूर्वी स्वतःला विचारा : या क्षणी द्राक्ष कोणाच्या हातात आहे? आपली मुले आपले शब्द ऐकतात, तसे त्या दिवशीचे आपले वागणेही पाहतात.

अल्लाह आपणा सर्वांना न्यायावर कायम राहण्याची तौफीक देवो. आमीन.