राक्षसाच्या शिकारीचे सोंग : ट्रोलकथेवरील भूमिकाखेळाची आखणी

भूमिकाखेळ या नावाने आज जो प्रकार ओळखला जातो, त्याची रचना मुळात साधी आहे. पाच-सहा जण एकत्र येतात. त्यांतील एकजण सूत्रधार होतो, बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र स्वीकारतात. सूत्रधार प्रसंग मांडतो, पात्रे आपापल्या बुद्धीने बोलतात व वागतात आणि त्या वागण्यातूनच कथा पुढे सरकते. संवाद आधी लिहिलेले नसतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ छापून प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराला नियमबद्ध रूप मिळाले. १९८२ मध्ये स्वीडनमध्ये 'द्राकार ऑक देमोनेर' निघाला. पुढे उत्तर युरोपातील देशांत वेष धारण करून प्रत्यक्ष जागेवर खेळण्याची स्वतंत्र परंपरा वाढली. १९९७ साली ऑस्लो येथे तिच्या रचनाकारांचे पहिले संमेलन भरले.

या खेळांत वारंवार येणारा विषय म्हणजे ट्रोलची शिकार. ट्रोल हा नॉर्वे-स्वीडनच्या लोककथांतील डोंगरात राहणारा राक्षस. हा विषय वर्गात किंवा हौशी मंडळींत खेळावयाचा झाला, तर आखणी करणारा बहुधा शस्त्रांपासून आरंभ करतो. कोणाच्या हाती तलवार, कोणाच्या हाती धनुष्य, ट्रोल किती घावांत पडेल, हे आधी ठरते. लोककथांचा क्रम मात्र निराळा आहे. त्या तीन प्रश्नांवर उभ्या असतात : राक्षसाचा नियम कोणता, त्याच्यासमोर उभी राहणारी माणसे कोण, आणि मारल्यावर राक्षस जातो कुठे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना मराठी लोकपरंपरा उत्तरेकडील परंपरेइतकीच उपयोगी पडते. खेळाचे नाव नवे असले तरी सोंग घेणे ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही.

१. राक्षसाचा नियम

पेटर क्रिस्तेन आस्ब्यर्नसन आणि यर्गेन मू यांनी नॉर्वेतील लोककथांचा संग्रह १८४१ पासून प्रसिद्ध केला. त्यांतील ट्रोल बलाढ्य आहेत, पण मंदबुद्धी आहेत. एका कथेत अस्केलाडेन हा धाकटा मुलगा जंगलात लाकडे तोडावयास जातो आणि ट्रोलशी गाठ पडताच हातातील चीज दगड म्हणून पिळून त्यातून पाणी काढून दाखवितो. ट्रोल भितो. पुढे दोघांची जेवणाची पैज लागते. मुलगा सदऱ्यापुढे बांधलेल्या पिशवीत लापशी ओततो, पिशवी चिरून पोट रिकामे केल्याचे भासवितो. ट्रोल त्याचे अनुकरण करून स्वतःचे पोट चिरतो आणि मरतो. दुसऱ्या एका कथेत तीन ट्रोल मिळून एकच डोळा वापरतात. दोन मुले तो डोळा हस्तगत करतात आणि तिघेही निरुपाय होतात. उन्हात सापडलेल्या ट्रोलचा दगड होतो, ही समजूत तर सर्वपरिचित आहे. या कथांत वध शस्त्रबळाने होत नाही. राक्षसाला बांधणारी एक मर्यादा असते. ती ज्याला कळते, तो तरतो.

मराठी मुलखातील भुतेही अशीच नियमबद्ध आहेत. मुंजा पिंपळ सोडून फारसा हिंडत नाही. चकवा वाट चुकवितो, मारीत नाही. गिऱ्हा पाण्याकाठच्या माणसाला खोल पाण्यात ओढतो, म्हणून त्याचा अंमल पाण्यापुरता. गोव्यात व दक्षिण कोकणात राखणदार किंवा देवचार गावाच्या सीमेवर रात्री फिरतो. त्याचा मान दिला तर तो रक्षण करतो, चुकविला तर त्रास देतो. या समजुतींची एक मोठी नोंद इंग्रजी अमदानीत झाली. ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमविलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोव्हेन यांनी संपादित केलेल्या टिपणांचा कोकणविषयक भाग १९१५ साली प्रसिद्ध झाला. ती माहिती मुख्यतः गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नावलीला दिलेल्या उत्तरांतून आलेली आहे. कोठे राहते, कोणाला धरते, कशाने सोडते, या माहितीतच त्या भुताचा कायदा असतो, आणि भूमिकाखेळाच्या सूत्रधाराला आधी तयार करावयाची असते ती हीच माहिती.

२०२० साली प्रसिद्ध झालेला 'वेसेन' हा स्वीडिश खेळ याच तत्त्वावर रचलेला आहे. एकोणिसाव्या शतकातील उत्तर युरोपात घडणाऱ्या या खेळात अमानवी प्राण्यांना केवळ बळाने संपविता येत नाही. त्यांचे रहस्य शोधावे लागते, त्यांना दूर करणारा विधी जाणून घ्यावा लागतो. आणि पुष्कळदा असे आढळते की मूळ आगळीक माणसाकडूनच झालेली होती. येथे शिकार हा तपास होतो.

२. अलिखित संवाद आणि वाटून घेतलेली सोंगे

लिहिलेले संवाद नसताना प्रयोग रंगतो कसा, अशी शंका नवख्याला येते. तिचे उत्तर सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या दशावतारात मिळते. गावच्या देवळाच्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या या प्रयोगाला परंपरेने लिखित संहिता नसते. प्रयोगापूर्वी मंडळातील जाणता नट आख्यान सांगतो, कोणी कोणते सोंग घ्यावयाचे हे ठरते, प्रसंगांचा क्रम निश्चित होतो. पुढचे संभाषण रंगभूमीवर जागच्या जागी घडते. नटाला पुराणातील कथा ठाऊक असते, समोरचा नट काय बोलेल ते ठाऊक नसते. म्हणून त्याला ऐकावे लागते. भूमिकाखेळाचे सारे शिक्षण या ऐकण्यात आहे.

आख्यानापूर्वीच्या पूर्वरंगात गणपती, सरस्वती यांच्यामागून संकासुर येतो. काळ्या वेषातला हा असुर वेद चोरणारा म्हणून वध्य आहे. तरी तो मालवणी बोलीत थट्टा करतो, गावातल्या गोष्टी काढतो आणि प्रेक्षकांना हसवितो. शेवटी विष्णूच्या हातून तो मरतो. परंतु प्रेक्षक त्याची वाट पाहत असतात, हे विसरता येत नाही. ज्या राक्षसाला बोलू दिले जाते, त्याच्या वधाला अर्थ येतो. ट्रोलच्या खेळातही सूत्रधाराने ट्रोलला बोली दिली पाहिजे. इब्सेनच्या 'पेर ग्युंट' या १८६७ सालच्या नाटकात डोंगरातला ट्रोल-राजा नायकाला माणूस आणि ट्रोल यांतील भेद विचारतो. तो प्रश्न नायकाला पुढे सोडीत नाही. मुक्या ट्रोलला असा प्रश्न विचारता आला नसता.

३. वधानंतर

आखणीत बहुधा राहून जाणारा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा : मारलेला राक्षस जातो कुठे? उत्तरेकडील कथेत तो भूमीत जातो. नॉर्वेच्या रोम्सदाल खोऱ्यातील ट्रोलतिंदेने या शिखरांविषयी दंतकथा अशी की ती दगड झालेले ट्रोलच आहेत. मेलेला शत्रू गावाच्या डोळ्यांसमोर डोंगर होऊन उभा राहतो.

महाराष्ट्रात त्याला देवळात जागा मिळते. खंडोबाने मणी आणि मल्ल या दैत्यांचा वध केला. चंपाषष्ठीचा उत्सव त्या विजयाचा. परंतु कथा विजयापाशी थांबत नाही. शरण आलेला मणी देवाच्या सान्निध्यात राहण्याचा वर मागतो आणि त्याची मूर्ती पूजेत राहते. मल्लाचे नाव तर देवाच्याच नावाला चिकटते. मल्हारी म्हणताना भक्त आधी दैत्याचे नाव घेतो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ सालच्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात गावोगावच्या म्हसोबाचा संबंध महिषासुराशी जोडला. देवीने ज्याला मारले, त्याला त्याच मुलखात शेंदूर लागतो. पराभूतांच्या देवतांना विजेत्यांच्या कथेत अशी जागा मिळते, हा इतिहास त्यामागे असावा, असे अभ्यासक मानतात.

दिल्ली परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मुलाला हाच प्रश्न आणखी जवळ भेटतो. पश्चिम दिल्लीतील तितारपूर येथे दसऱ्यापूर्वी रावणाचे पुतळे बांबू व कागदाने उभे राहतात आणि रामलीलेच्या मैदानांवर ते जळतात. याच राजधानी क्षेत्रात, ग्रेटर नोएडाजवळील बिसरख या गावी मात्र रावणाचा जन्म तेथेच झाला अशी श्रद्धा आहे आणि पुतळा जाळण्याची प्रथा परंपरेने नाही. एका दिवशी एका ठिकाणी जो राक्षस आहे, तो काही कोसांवर गावचा पुत्र आहे. फिरोजशाह तुघलकाने १३५४ साली उभारलेल्या कोटल्यात तर गुरुवारी लोक जिन्नांच्या नावे अर्ज लिहून भिंतींच्या कोनाड्यांत ठेवतात. अदृश्याशी तेथे शिकारीचे नाते नाही, गाऱ्हाणे सांगण्याचे आहे.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ वाङ्मयीन नाही. खेळणारा जे सोंग घेतो, त्याची सवय थोडीफार त्याला लागते. डोंगरात राहणारा, निराळी भाषा बोलणारा, आपल्या देवळाच्या घंटेला भिणारा तो राक्षस, आणि म्हणून वध्य, अशी मांडणी विनाप्रश्न स्वीकारली, तर मुले शिकारी व्हावयास शिकतात. शिकार कोणाची आणि का, हे विचारावयास शिकत नाहीत. ट्रोलही चर्चच्या घंटांना भितो असे कथा सांगतात. घंटा ज्यांनी आणली, त्यांनीच कथा सांगितली, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

४. आखणीचा एक नमुना

वरील विवेचनावरून एक आराखडा सुचविता येतो. सहा खेळाडू आणि एक सूत्रधार असावेत. तीन तासांची एक बैठक पुरे.

स्थळ : नॉर्वेतील एक खोरे. पुलासाठी डोंगराचा दगड फोडला गेला आहे. तेव्हापासून रात्री गुरे नाहीशी होतात.

सोंगे : गावचा प्रमुख, चर्चचा पाद्री, बक्षिसासाठी आलेला शिकारी, दगड फोडणारा मजूर, म्हातारी गुराखीण, आणि ट्रोलला एकदा पाहिलेला मुलगा. प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असावी आणि एक लपवावयाची असावी. प्रमुखाला माहीत आहे की त्या दगडाला पूर्वी लोणी वाहत असत. त्याने ते मजुराला सांगितलेले नाही.

नियम : ट्रोलची मर्यादा सूत्रधाराने आधी कागदावर लिहून ठेवावी आणि खेळात ती बदलू नये. तिच्या तीन खुणा तीन निरनिराळ्या सोंगांकडे द्याव्यात, म्हणजे एकमेकांचे ऐकल्याशिवाय कोणालाही ती पूर्ण कळणार नाही. शस्त्राने ट्रोल पळतो, मरत नाही.

संवाद : दशावतारातील जाणत्या नटाप्रमाणे सूत्रधाराने केवळ प्रसंगांचा क्रम सांगावा. ट्रोलशी एक तरी संभाषण झालेच पाहिजे, ही अट ठेवावी.

शेवट : ट्रोल उन्हात दगड होवो, तह करून डोंगरात परतो किंवा खोरे सोडून जावो, प्रत्येक खेळाडूने आपल्या सोंगाच्या तोंडून एक वाक्य सांगावे : आता त्या जागेला गाव काय म्हणेल, आणि तेथे वर्षातून एकदा काय ठेवील. हा भाग वगळू नये. येथेच शिकार संपते आणि कथा सुरू होते.

खेळ झाल्यावर याच आराखड्यात स्थळ बदलून पाहावे. खोऱ्याच्या जागी सह्याद्रीतील घाट, ट्रोलच्या जागी वेशीवरचा राखणदार, लोण्याच्या जागी नारळ. जी वाक्ये बदलावी लागतात, त्यांत दोन संस्कृतींतील भेद दिसेल. जी तशीच राहतात, त्यांत त्यांचे साम्य. मराठीपासून दूर वाढणाऱ्या मुलांना आजीच्या तोंडच्या मुंजा-गिऱ्ह्यांविषयी पुन्हा विचारावेसे वाटले, तर या परक्या खेळाने एक मराठी काम केले असे म्हणता येईल.