दार उघडणारे शेजारी



आपला शेजारी कोणाला म्हणावे, असे एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले. प्रभूने व्याख्या सांगितली नाही, दयाळू शोमरोनीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात हाच प्रश्न हॉलंडमधील घराघरांच्या दारावर येऊन उभा राहिला. त्या लोकांनी काय उत्तर दिले, ते आज आपण पाहू या.

१० मे १९४० रोजी जर्मन सैन्य हॉलंडमध्ये घुसले आणि पाच वर्षे तेथे नाझींचा अंमल राहिला. देशात सुमारे १,४०,००० यहुदी होते. प्रथम त्यांच्या नोकऱ्या गेल्या, मग कपड्यांवर पिवळा तारा लावण्याची सक्ती झाली आणि १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांना आगगाडीत भरून मृत्युछावण्यांकडे नेण्यास सुरुवात झाली. त्यांतील एक लाखाहून अधिक लोक मारले गेले. पुष्कळ शेजारी भीतीने गप्प राहिले, हेही आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण सगळेच गप्प राहिले नाहीत.

कार्मेल संघाचे फादर टायटस ब्रँडस्मा हे नायमेखनच्या कॅथोलिक विद्यापीठात प्राध्यापक होते. प्रकृतीने नाजूक. कॅथोलिक वृत्तपत्रांनी नाझी पक्षाच्या जाहिराती छापू नयेत, हा बिशपांचा निरोप घेऊन जानेवारी १९४२ मध्ये ते एकेका संपादकाला जाऊन भेटले. त्याच महिन्यात त्यांना अटक झाली. पुढे डाखाऊच्या छावणीत २६ जुलै १९४२ रोजी विषारी इंजेक्शन देऊन त्यांना मारण्यात आले. इंजेक्शन देणाऱ्या नर्सला त्यांनी आपली रोजरी भेट दिली होती. आपल्याला प्रार्थना येत नाही, असे ती म्हणाली. तेव्हा नमो मरियेच्या शेवटी आपण पापी लोकांसाठी जी विनंती करतो, तेवढी तरी म्हण, असे त्यांनी तिला सांगितले. ही हकिगत पुढे तिनेच साक्षीत सांगितली.

फादर टायटस गेले त्याच दिवशी, रविवारी, हॉलंडच्या कॅथोलिक चर्चेसमध्ये बिशपांचे पत्र वाचले गेले. युट्रेख्टचे आर्चबिशप योहानेस डी यॉंग आणि इतर बिशपांनी यहुद्यांना नेण्याचा त्यात उघड निषेध केला होता. गप्प राहिलात तर बाप्तिस्मा घेतलेल्या यहुद्यांना हात लावणार नाही, असा नाझींचा सौदा होता. बिशपांनी तो मानला नाही. आठवड्याने, २ ऑगस्ट रोजी, कॅथोलिक झालेल्या यहुद्यांची धरपकड झाली. एख्तच्या कार्मेल मठातून सिस्टर तेरेजा बेनेडिक्टा, म्हणजेच एडिथ स्टाइन, आणि त्यांची बहीण रोझा यांना नेण्यात आले. वाटेतल्या छावणीत माता दुःखाने सुन्न होऊन बसल्या होत्या, तेव्हा सिस्टर त्यांच्या मुलांना धूत होत्या, त्यांचे केस विंचरत होत्या. ९ ऑगस्ट रोजी ऑशविट्झ येथे त्यांचा अंत झाला.

मग बिशपांचे चुकले का? हा प्रश्न सोपा नाही. बोलले बिशप, पण किंमत दुसऱ्यांनी मोजली. तरीही आपण एवढे ध्यानात घेऊ या: पाप मारणाऱ्यांचे होते. आणि आपल्या माणसांच्या जिवासाठी इतरांच्या मरणाकडे पाठ फिरवायची, हा तो सौदा होता. शोमरोनीने जखमी माणसाचा धर्म विचारला नव्हता.

हार्लेम शहरात टेन बूम नावाचे घड्याळजींचे प्रोटेस्टंट कुटुंब होते. वडील कॅस्पर आणि मुली बेट्सी व कॉरी यांनी आपल्या घरात यहुद्यांना आसरा दिला. कॉरीच्या खोलीत खोटी भिंत बांधून मागे जागा केली होती. अन्न रेशनवर मिळे, म्हणून लपलेल्यांसाठी जादा रेशनकार्डे मिळवावी लागत. २८ फेब्रुवारी १९४४ रोजी धाड पडली. भिंतीमागचे सहा जण सापडले नाहीत, पण घरचे पकडले गेले. ८४ वर्षांचे कॅस्पर दहा दिवसांत तुरुंगात वारले. बेट्सी राव्हेन्सब्रुकच्या छावणीत गेली. कॉरी वाचली. युद्धानंतर त्याच छावणीचा एक पहारेकरी क्षमा मागत तिच्यापुढे आला. हात पुढे करणे तिला फार जड गेले. तिने मनात प्रार्थना केली आणि त्याचा हात हातात घेतला.

एडिथ स्टाइन यांना १९९८ मध्ये संतपद देण्यात आले आणि फादर टायटस यांना १५ मे २०२२ रोजी. त्याच दिवशी, त्याच वेदीवरून आपल्या भारताचे रक्तसाक्षी देवसहायम पिल्ले हेही संत म्हणून घोषित झाले.

धैर्य म्हणजे भीती नसणे नव्हे. ही माणसे घाबरत होती, पण प्रीतीने त्यांना दार उघडायला लावले.

घरी एकत्र बसून विचार करू या:
१. आपल्या वाडीत, इमारतीत कोणाला एकटे पाडले जात आहे काय?
२. कोणाची निंदा चालली असता आपण गप्प का राहतो?
३. कोणाला क्षमा करणे आपल्याला जड जात आहे?

प्रार्थना: हे प्रभो, शेजाऱ्याची हाक ऐकण्यास आम्हांला कान दे, दार उघडण्यास धैर्य दे आणि क्षमा करण्यास तुझे हृदय दे. आमेन.