माती काळी, कागद कोणाचा?

प्रश्न : निजामशाही जाऊन पाऊणशे वर्षे झाली. तरी आदिलाबादमधल्या बोथकडचा कापूसवाला उधारीतच का?

उत्तर : निजामाच्या राजवटीत राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि गोंडांची कसती जमीन त्यांत गेली, अनेक पट्टे, म्हणजे जमिनीच्या मालकीचे कागद, बाहेरून आलेल्यांच्या नावे झाले. १९४० मध्ये जोडेघाटला गोंडांचे नेते कुमरम भीम मारले गेले, तेव्हा कुठे सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना पाहणीस धाडले. पुढे काहींना पट्टे मिळाले. ज्याच्याकडे कागद नाही त्याला बँकेचे पीककर्ज मिळणे कठीण; मग बियाणे-खत दुकानदाराकडून उधार, आणि वेचणी झाली की कापूस त्याच्याच काट्यावर. काळ्या मातीत कापूसच येणार, यात इतिहास कुठे, असे कोणी म्हणेल. माती पीक ठरवते, पण भाव कोणी सांगायचा हे पट्टा ठरवतो. जमीन हस्तांतरणाच्या कायद्यातल्या १९७० च्या दुरुस्तीने अनुसूचित क्षेत्रातली जमीन बिगर-आदिवासींकडे जाणे कायद्याने बंद झाले खरे. आधीच हातची गेलेली जमीन परत मिळवायची तर कचेरीचे खेटे आलेच.