वाटणीचे व्याकरण

‘प्रति + एक = प्रत्येक’ ही संधी तुम्ही व्याकरणाच्या तासाला सोडवली आहे. इ च्या पुढे विजातीय स्वर आला की इ च्या जागी य येतो. या नियमात तीन गोष्टी आहेत: काय काढायचे, त्या जागी काय ठेवायचे आणि शेजारी कोण असेल तरच ठेवायचे. पाणिनीची सुमारे ४००० सूत्रे आहेत, त्यांतली कितीतरी अशाच बदलीची. संगणकशास्त्रातही व्याकरण म्हणजे बदलीचे नियमच. नोम चॉम्स्की यांनी १९५६ साली ते गणिताच्या भाषेत मांडले आणि पुढे संगणकाला प्रोग्राम वाचायला शिकवताना ते उपयोगी पडले.

मात्र अक्षरे एका ओळीत असतात. ओळीतल्या अक्षराला शेजारी दोनच, डावा आणि उजवा. मधले अक्षर बदलले तरी नवे अक्षर कोणाला जोडायचे हा प्रश्न पडत नाही. रांगोळीत तो पडू लागतो. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ साली तमिळ कोलमचे, म्हणजे तिकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीचे, व्याकरण प्रसिद्ध केले. तिथे एका ठिपक्याच्या जागी दोन मांडले तर ती ओळ सरकते आणि नक्षी मोडते. म्हणून सबंध ओळ किंवा सबंध स्तंभच जोडत जावे लागते. आपल्या अंगणात रांगोळी काढणाऱ्यांना हे सांगायला नको.

याच्या पुढची पायरी म्हणजे आलेख-व्याकरण. आलेख म्हणजे इथे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. (आलेख कागदावर क्ष-अक्ष काढून मांडतो तो आलेख वेगळा. नाव एकच, त्याला इलाज नाही.) इथे एका बिंदूला शेजारी कितीही असू शकतात.

आता आपल्या शिवारात या. समजा सर्व्हे नंबर ४५ आहे. उत्तरेला रस्ता, दक्षिणेला नाला, पूर्वेला ४४ आणि पश्चिमेला ४६. प्रत्येकाचा एक बिंदू काढा, आणि ज्यांची हद्द एकमेकांना लागते त्यांच्यात रेषा ओढा. ४५ ला चार रेषा आल्या. दोघा भावांची वाटणी झाली. नियम लिहू: ‘४५ काढा, ४५/१ आणि ४५/२ ठेवा, दोघांत बांधाची एक रेषा ओढा.’

झाला का नियम पुरा? नाही. ४५ पुसला तेव्हा त्याच्या चार रेषांचे एक टोक सुटले. ती टोके कोणाला बांधायची? बांध उत्तर-दक्षिण घातला तर दोघांनाही रस्ता मिळतो आणि नालाही. पूर्व-पश्चिम घातला तर एकाला रस्ता आणि दुसऱ्याला नाला. काढलेले तेच, ठेवलेले तेच, पण मागच्या तुकड्याला वाटच उरली नाही! वाटणीपत्रात वहिवाट लिहायची राहिली की पुढे काय होते, ते पालकांना ठाऊक आहे. आलेखाच्या नियमातही म्हणून जोडणीचे कलम स्वतंत्र लिहावे लागते, आणि माझ्या मते या विषयाचे खरे मर्म त्या कलमातच आहे.

जॉन फाल्ट्झ आणि अझ्रिएल रोझेनफेल्ड यांनी १९६९ साली अशी व्याकरणे प्रथम मांडली. १९७३ मध्ये एह्रिग, फेंडर आणि श्नायडर यांनी त्यांना बीजगणिताची बैठक दिली. त्यांच्या रीतीत नियम तीन चित्रांचा असतो: आधीचे, नंतरचे आणि मधे ‘जसेच्या तसे राहणारे’. एखादा बिंदू पुसल्याने कुठलीही रेषा लोंबकळणार असेल, तर तो नियम तिथे लावायचाच नाही. पुढे दुसरी रीतही निघाली. तिच्यात बिंदू पुसा आणि लोंबकळणाऱ्या रेषाही पुसून टाका, असे आहे. ही सोपी खरी, पण शेतीच्या वाटणीत मी पहिलीच धरीन.

हे सगळे कागदावरचे नाही. संगणकाच्या स्मृतीत माहितीचे तुकडे एकमेकांकडे बोट दाखवत असतात. एखादा तुकडा काढून टाकला आणि त्याच्याकडे दाखवणारे बोट तसेच राहिले, तर प्रोग्राम बंद पडतो, किंवा चुकीचे उत्तर देतो, जे अधिक वाईट. त्याला ‘लोंबकळता पॉइंटर’ असेच म्हणतात. प्रोग्राम चालवण्याआधी असे दोष शोधायला आलेखाचे नियम कामी येतात. रसायनशास्त्रातही तसेच. अणू म्हणजे बिंदू, बंध म्हणजे रेषा. इथेनॉइक आम्ल आणि इथेनॉल यांच्यापासून एस्टर आणि पाणी होते, तेव्हा दोन बंध तुटतात आणि दोन नवे जुळतात. अभिक्रियेनंतर प्रत्येक कार्बनचे चार, ऑक्सिजनचे दोन आणि हायड्रोजनचा एक बंध मोजून पाहा. एकही टोक मोकळे राहत नाही. अभिक्रिया अशा नियमांनी लिहून दिली, की तिच्यातून कोणकोणते रेणू तयार होऊ शकतील याची यादी संगणक करू शकतो.

गृहपाठ: सर्व्हे नंबर ४५ च्या मधोमध विहीर आहे आणि भाऊ तीन आहेत. तिघांनाही रस्ता आणि विहीर मिळेल असा नियम बिंदू आणि रेषा काढून लिहा. जोडणीचे कलम विसरू नका. लिहून झाले की घरातील वडीलधाऱ्यांना दाखवा. ते कुठे बोट ठेवतात ते वहीत टिपून आणा.