अकराव्या महिन्यात थांबणारी प्रार्थना

आजचं वाचन : उपदेशक १२:७ आणि दानीएल १२:२

मित्रांनो, माणूस मेल्यावर जातो कुठे? एरवी आपण हा प्रश्न टाळतो. पण घरातलं कुणी गेलं की रात्री दोन वाजता तोच प्रश्न उशाशी येऊन बसतो. यहुदी परंपरेत याचं उत्तर कसं घडत गेलं, ते आज थोडक्यात पाहूया.

पहिलं आश्चर्य म्हणजे तोराह, अर्थात मोशेची पाच पुस्तकं, याबद्दल जवळजवळ गप्पच आहेत. अब्राहाम गेला, पूर्वजांना मिळाला, बस्स! स्वर्गाचं वर्णन नाही, नरकाची भीतीही नाही. 'शिओल' तेवढा भेटतो. मराठी बायबलात त्याला अधोलोक म्हटलंय. ती अंधारी, निःशब्द जागा. चांगले-वाईट सगळे तिथेच जातात. उपदेशक एवढंच सांगतो की माती मातीला मिळते आणि प्राण देणाऱ्या देवाकडे परततो.

मग दानीएलच्या बाराव्या अध्यायात एकदम वेगळा सूर लागतो. मातीत निजलेले जागे होतील, काही सार्वकालिक जीवनासाठी, तर काही अप्रतिष्ठेसाठी. हे कुठून आलं? बहुतेक अभ्यासक हा भाग इ.स.पू. १६७ च्या सुमाराचा, राजा अंतियोख चौथा याच्या छळाच्या काळातला मानतात. नियमशास्त्र पाळलं म्हणून माणसं मारली जात होती. निष्ठावान मरतो आणि छळणारा मजेत जगतो, मग देवाचा न्याय कुठे गेला? मला वाटतं, पुनरुत्थानाची आशा या प्रश्नातून पक्की झाली. परलोकाचा नकाशा हवा म्हणून नव्हे, न्याय हवा म्हणून.

सगळ्यांना हे पटलं असं मात्र नाही. सदूकी पुनरुत्थान नाकारत, परूशी मानत. इ.स. ७० मध्ये मंदिर पडल्यावर रब्बींनी परूश्यांची वाट पुढे नेली. बाराव्या शतकात मायमोनिडीस यांनी श्रद्धेची तेरा तत्त्वं मांडली, त्यातलं शेवटचं पुनरुत्थान. आणि पुनर्जन्म? दहाव्या शतकात सादिया गाओन यांनी तो ठामपणे नाकारला. पुढे सोळाव्या शतकात सफेद गावच्या कब्बालावाद्यांनी 'गिलगुल' या नावाने तो मनापासून मानला! एकाच धर्मात एवढी मतं, आणि तरी सगळे एकाच प्रार्थनेला उभे राहतात.

ती प्रार्थना म्हणजे कद्दिश. आईवडील गेले की मूल ती म्हणतं, दहा जणांच्या सोबतीने. एकट्याने म्हणायची नाही. गंमत बघा, तिच्यात मरणाचा शब्दच नाही! आहे ती फक्त देवाच्या नावाची स्तुती.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. रब्बींच्या शिकवणीत दुष्टांची गेहिन्नोममधली शिक्षा बारा महिन्यांची. मग कद्दिश पूर्ण बारा महिने म्हटली, तर आपल्या आईला किंवा बाबांना आपणच दुष्ट ठरवल्यासारखं होईल ना? म्हणून मूल अकरा महिन्यांनी थांबतं. एका महिन्याच्या त्या मौनात केवढा आदर आहे! परलोकात नक्की काय होतं यावर वाद चालू राहिले, पण गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच गृहीत धरायचं, हे रिवाजातच बसवलं गेलं.

दुसरी गोष्ट. मृतदेहाला स्नान घालून साधं कफन नेसवणं याला यहुदी लोक 'खरी दया' म्हणतात. कारण सरळ आहे : मेलेला माणूस परतफेड करू शकत नाही. मरणाआधी याकोबाने योसेफाकडे हीच दया मागितली होती (उत्पत्ति ४७:२९). आपल्या कोकणातले बेने इस्राएलही पिढ्यान्‌पिढ्या याच परंपरेतले. त्यांच्या कितीतरी कबरींवर हिब्रूसोबत मराठी अक्षरं दिसतात.

गेलेला माणूस नेमका कुठे आहे, हे देवाच्या हाती. आपल्या हाती आहे ते त्याच्याशी चांगलं वागणं, तो गेल्यानंतरसुद्धा.

आज एवढंच करूया : गेलेल्या एका माणसाचं नाव घ्या, त्याच्याविषयी मनात उरलेली एक तक्रार सोडून द्या, आणि त्याच्या नावाने कुणासाठी तरी असं काही करा, ज्याची परतफेड होणार नाही.