निघण्याआधी दात दाखव

अगं, तुझी सामानाची यादी वाचली. कुकर, गोडा मसाला, स्वेटर, सगळं आहे. दातांचं मात्र नाव नाही. डाव्या बाजूनं चावता येत नाही हे तू दिवाळीपासून सांगतेयस ना? मग मसाला राहिला तरी चालेल, लेस्टरमध्ये सगळं मिळतं. दाढ तेवढी इथेच उरकून जा.

कारण सांगते. व्हिसाच्या अर्जासोबत तुम्ही हेल्थ सरचार्ज भरलात. मोठ्या माणसाला वर्षाचे 1,035 पौंड, तेही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचे एकदम. तेव्हा जीपी, म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर, त्याने पाठवलेला स्पेशालिस्ट, हॉस्पिटल, उद्या गोड बातमी दिलीस तर बाळंतपण, कशाचंही बिल येत नाही. कुणाचे उपकार म्हणून नाही, पैसे भरलेत म्हणून हक्कानं घे. पण दात त्यात धरलेले नाहीत. सरकारी म्हणजे एनएचएसच्या डेंटिस्टकडे तीन पायऱ्यांचे दर असतात. एप्रिल 2025 च्या दरांप्रमाणे इंग्लंडमध्ये नुसत्या तपासणीला 27.40 पौंड, फिलिंग किंवा रूट कॅनालला 75.30, कॅप, ब्रिज किंवा कवळीला 326.70. एकाच उपचारात तीन दात भरले तरी पैसे एकदाच. दर वाईट नाहीत. खरी अडचण अशी की नवा एनएचएस पेशंट घेणारा डेंटिस्ट बऱ्याच गावांत सापडतच नाही. मग प्रायव्हेटला जायचं आणि प्रत्येक दाताचे वेगळे मोजायचे.

म्हणून म्हणते, रूट कॅनाल, कॅप जे काय असेल ते आत्ताच करून घे. एक्स-रे आणि काय काय केलं त्याचा कागद फाइलला लाव. पुढे सुट्टीत येशील तेव्हाही छोटी कामं इथे होतील, पण इम्प्लांट तीन आठवड्यांच्या सुट्टीत बसवायच्या भानगडीत पडू नकोस. हाड धरायलाच काही महिने लागतात, आणि मधेच काही बिघडलं तर निस्तरायला तिथे कोण आहे? आणि हो, गरोदरपणात आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत एनएचएसचा डेंटिस्टही फुकट असतो, हे लक्षात ठेव.

पोहोचल्या आठवड्यातच जीपीकडे नाव नोंदव. पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवायची सक्ती नाही. काउंटरवर कुणी मागितलाच, तर नम्रपणे पण ठामपणे हे सांग. आपल्याकडे कान दुखला की थेट कानाच्या डॉक्टरकडे जातो, तसं तिथे चालत नाही. सगळं जीपीच्या चिठ्ठीवर. सकाळी आठला फोन लावायचा, रांगेत थांबायचं. उचलल्यावर रिसेप्शनिस्ट विचारते, काय होतंय? राग मानू नकोस. आज कुणाला बोलवायचं हे त्यावरच ठरतं. आणि इथे आपल्या बायकांची खोड नडते. "तसं बरं आहे, पण जरा..." असं म्हणालीस की तिला "बरं आहे" एवढंच ऐकू जातं. ताप किती, किती दिवस, रात्री झोप लागते का, कामाला जाता येतं का, हे आधी कागदावर लिही आणि वाचून दाखव. डॉक्टरच्या खोलीत जेमतेम दहा मिनिटं मिळतात, तेव्हा सगळ्यात त्रासाचं आधी बोल.

व्हायरल तापाला पॅरासिटामॉल, पाणी आणि विश्रांती, एवढंच सांगून घरी पाठवतील. त्याला हलगर्जीपणा समजू नकोस, अँटिबायोटिक तिथे सहजासहजी देत नाहीत. मात्र लघवीची जळजळ, घसा, सायनस अशा सात तक्रारींसाठी इंग्लंडमध्ये जानेवारी 2024 पासून फार्मसिस्टच तपासून, गरज असेल तर औषध देतो. जीपीची वाट बघायला नको. रात्री-अपरात्री शंका आली तर 111, जिवावर बेतलं तर 999.

तुझी थायरॉइडची गोळी. पाकिटावरचं कंपनीचं नाव तिथे कुणाला कळणार नाही. लेव्होथायरॉक्सिन, आणि किती मायक्रोग्रॅम, हे डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घे. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला 9.90 पौंड पडतात, पण थायरॉइडची गोळी रोज घेणाऱ्याला माफी आहे. जीपीकडे एफपी92ए फॉर्म माग. पाच वर्षांचं सर्टिफिकेट येतं आणि मग सगळीच औषधं फुकट, नुसती थायरॉइडची नाही. आपणहून कुणी सांगेलच असं नाही, तूच विचार.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. आई-बाबा तुला भेटायला येतील ते व्हिजिटर व्हिसावर. त्यांनी सरचार्ज भरलेला नसतो. जीपीनं तपासलं किंवा ए अँड ई, म्हणजे इमर्जन्सी विभागात नेलं तर तेवढ्याचे पैसे नाहीत, पण हॉस्पिटलात ॲडमिट केलं की बिल सुरू, तेही एनएचएसच्या दराच्या दीडपट. बाबांना बीपी आहे, आईला शुगर. ती दोन्ही नावं फॉर्मवर लिहून, आधीपासूनचे आजार धरणारा ट्रॅव्हल इन्शुरन्स काढ. लपवलंस तर क्लेम मिळणार नाही. आधी विमा, मगच तिकीट.